कोणाची हरकत आहे का?

दिवाळी अंकासाठी लेख द्या, असा संपादकांचा फोन आला तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की मी निवृत्त पाद्री आहे. माझ्याकडे ना शिकारीच्या गोष्टी आहेत ना खुनाच्या खटल्यांच्या. ते म्हणाले, "म्हणूनच द्या. पाद्री आठवडाभर करतो काय, हे कोणालाच माहीत नाही." खरं आहे. रविवार सोडला तर उरलेल्या दिवसांत मी नेमकं काय करतो, हे माझ्या बायकोलाही लग्नानंतर बरीच वर्षं उमगलं नव्हतं. तिचा समज असा, की मी स्कूटर घेऊन नागपूरभर हिंडतो.

तिचा समज फारसा चूक नव्हता. आमच्या पुस्तकी भाषेत मला पाळक म्हणतात, लोक पास्टरजी म्हणतात. रविवारची उपासना हा या कामाचा दिसणारा भाग. बाकी सगळा धंदा स्कूटरवर. कोणाची आई दवाखान्यात आहे, कोणाच्या मुलाने दारू सोडली आणि दारूने त्याला सोडलं नाही, कोणाच्या घरी भावाभावांत अबोला आहे. तिथे जायचं, चहा घ्यायचा, ऐकून घ्यायचं, प्रार्थना करायची आणि निघताना पुन्हा चहा घ्यायचा. चहाला नाही म्हटलेलं नागपूरकराला सहन होत नाही, त्यामुळे माझी निम्मी सेवा माझ्या पोटाने केली आहे आणि आता ते त्याची किंमत वसूल करतं.

गिऱ्हाइकंही सगळी आमच्याच मंडळीतली असतात असं नाही. एका गृहस्थांनी नवी गाडी थेट माझ्या दारात आणून उभी केली. सकाळी देवळात नारळ फोडून झाला होता, दर्ग्यावर जाऊन झालं होतं, आता माझ्याकडून प्रार्थना हवी होती. "पास्टरजी, विम्यासारखंच हाये," ते म्हणाले, "जितके घेतले तितके बरे." एक हवालदार होते. आमच्या सभेला कोणी विरोध केला की जबाब घ्यायला तेच यायचे, आणि जबाब लिहून झाला की हळूच म्हणायचे, "बदलीसाठी जरा प्रार्थना करा न." मी मनापासून केली. बदली झाली, गडचिरोलीला. प्रार्थनेत जागेचं नाव घालायचं राहून गेलं होतं. पुढे रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनी मला ओळख दिली नाही.

आता मुख्य गोष्ट. मला लोक मिशनरी म्हणतात. मिशनरी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उंच, गोरा, हॅट घातलेला माणूस येतो. मी बुटका, सावळा, आणि उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा बांधून फिरणारा. माझे आजोबा नागपूरचे, त्यांचे वडील भिवापूरचे, आणि तिथल्या मिरचीशिवाय आमच्या घरात भाजी होत नाही. तरी मला परदेशातून पैसा येतो याबद्दल सगळ्यांची खात्री असते. ही खात्री इतकी पक्की, की एकदा माझा स्वतःचा साळा मला खासगीत विचारून गेला.

अशा खात्रीची माणसं कधी कधी काठ्या घेऊन येतात. हे लिहिताना विनोद जरा बाजूला ठेवतो.

मौद्याकडच्या एका गावात शेतातल्या घरी आमची दर शुक्रवारी प्रार्थना असायची. प्रकाश नावाचा माझा सहकारी ती चालवायचा. स्वतः तबला वाजवायचा, स्वतःच गायचा आणि लोकांना हसवायचा. एका शुक्रवारी माणसं आली आणि त्यांनी प्रकाशला बाहेर ओढून मारलं. दवाखान्यात मी पोचलो तेव्हा त्याच्या हाताला प्लास्टर चढलं होतं. मी रडायला लागलो आणि तोच मला धीर द्यायला लागला. "पास्टरजी, डावा हाये," तो म्हणाला. "तबला काही दिवस नाही होनार, पन जेवता येते न." आम्ही तक्रार द्यायला गेलो तर आमच्याविरुद्ध कोणीतरी आधीच तक्रार देऊन गेलं होतं. ज्यांच्या घरी प्रार्थना व्हायची ते कुटुंब महिन्याभरात हैदराबादला निघून गेलं. मौद्याची प्रार्थना बंद पडली ती पडलीच. मला त्याचं फार वाईट वाटतं, आजही वाटतं.

त्यानंतर माझ्या ताब्यात उरलं कोराडी रोडवरचं प्रार्थनाघर. वीज केंद्राच्या कॉलनीला लागून एक वस्ती आहे, तिथे विटांच्या भिंती आणि वर टिनाचं छत. येणारे म्हणजे वीज केंद्रातले कामगार, निवृत्त झालेले, कोळशाच्या ट्रकवरचे ड्रायव्हर आणि त्यांची कुटुंबं. बहुतेकांच्या घरात आजोबा-पणजोबांपासूनचा ख्रिस्ती धर्म. केंद्राच्या राखेची आमच्यावर अशी कृपा, की शनिवारी पुसलेल्या खुर्च्या रविवारी सकाळी पुन्हा पुसाव्या लागत. पांढरा झगा घालून मी उभा राहायचो आणि शेवटच्या गाण्यापर्यंत झगा करडा व्हायचा. बायको म्हणायची, "तुम्ही एकदाचा करडाच शिवून घ्या."

एका रविवारी उपदेश चालू असताना छतावर दगड आले. पहिला आला तेव्हा मला वाटलं माकड आहे. मग खिडक्यांच्या काचा गेल्या, बाया मुलांना घेऊन खुर्च्यांखाली शिरल्या आणि दानियलच्या कपाळाला टाके पडले. दानियल म्हणजे वीज केंद्रातला निवृत्त फिटर, आमच्या प्रार्थनाघराचा दिवाबत्ती, पाणी, पंखे सगळं बघणारा. एका दगडाने टिनाला भोक पाडलं. पुढच्या रविवारी त्या भोकातून उन्हाची तिरीप नेमकी माझ्या पुस्तकावर पडली, तर सुंदराबाई नावाच्या आमच्या मंडळीतल्या म्हातारीला त्यात देवाची खूण दिसली. मला भोक दिसलं.

त्यानंतर लोक गळत गेले. कोणाच्या घरी पाहुणे, कोणाची पाठ दुखते, कोणाला ड्युटी लागली. मी कोणाला दोष देत नाही, मीच शनिवारी दुपारपासून न जायला कारण शोधत असायचो. मी जातीचा भित्रा. लहानपणी मी कुत्र्याला घाबरून शाळेची वाट बदलली होती. आणि धंदा असा निवडला, की दर आठवड्याला उभं राहून लोकांना आशा धरा, आशा धरा म्हणून सांगायचं. समोर रिकाम्या खुर्च्या मांडून तुम्ही आशेवर बोलून बघा.

शेवटी मी मनाशी ठरवलं, हे बंद करायचं. ज्यांना यायचं त्यांनी शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये यावं, तिथे उंच भिंत आहे, गेट आहे, गेटवर म्हातारा का होईना चौकीदार आहे. बायकोलाही सांगितलं नाही. फक्त एक नवं, जाडजूड कुलूप घेऊन ठेवलं.

त्याच आठवड्यात दानियलची मुलगी रूथ घरी आली. ही शहरात एका खासगी दवाखान्यात नर्स. तिला मी तान्ही असताना बाप्तिस्मा दिला होता, तेव्हा तिने माझा चष्मा ओढून पाण्यात टाकला होता, आणि त्यानंतर तिच्या स्वभावात फारसा फरक पडलेला नाही.

"पास्टरजी, लगन ठरलं," ती म्हणाली. "पोरगा अमरावतीचा हाये. सॅमसन."

मी अभिनंदन केलं आणि विचारलं, की लग्न अमरावतीला की शहरातल्या चर्चमध्ये.

"आपल्याच इथं. टिनाखाली."

"अगं, तिथे काय काय झालं ते तुला माहीत आहे ना?"

"माह्या बाबाच्या कपाळावर हाये, मले नाही मालूम राहणार?" ती म्हणाली. "माय त्याच घरात विटा वाहून मेली, पास्टरजी. मी दुसरीकडं कायले जाऊ?"

रूथच्या आईने ते प्रार्थनाघर बांधताना खरोखरच विटा वाहिल्या होत्या. पुढे ती आजाराने गेली. मला हो म्हणावं लागलं. मनात म्हटलं, ठीक आहे, हे लग्न इथली शेवटची उपासना. आनंदाने दार लावू. वर्षभर दगडांची आठवण काढण्यापेक्षा एका लग्नाची आठवण काढू.

आता आमच्या लग्नाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापायी घडलं. आमच्यात लग्न गुपचूप होत नाही. आधी तीन रविवार भर सभेत जाहीर करायचं, की अमुक मुलाचं अमुक मुलीशी लग्न ठरलं आहे, कोणाची हरकत असेल तर सांगावं. एवढ्याने भागत नाही. प्रत्यक्ष लग्नाच्या दिवशी नवरानवरी समोर उभी असताना पाळकाने पुन्हा जमलेल्या सगळ्यांना विचारायचं: या दोघांच्या लग्नाला कोणाची रास्त हरकत असेल तर त्याने ती आत्ता सांगावी, नाहीतर यापुढे कायम गप्प राहावं. आणि कोणी सांगितलीच, तर चौकशी होईपर्यंत लग्न पुढे नेता येत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत कोणी कधी सांगितली नव्हती. मी वाक्य वाचायचो, एक श्वास घ्यायचो, नवरदेवाच्या कपाळावरचा घाम बघायचो आणि पुढे जायचो.

पण तीन रविवार जाहीर केल्यावर बातमी वस्तीभर झाली, आणि ती गोलूभाऊपर्यंत पोचली. गोलूभाऊचं कोराडी रोडवर गाड्या धुवायचं सेंटर. राखेमुळे धंदा बारमाही. नाव गोलू, अंगाने काडीसारखा बारीक. तो एका संघटनेचा तिथला पुढारी. संघटनेचं नाव मी लिहीत नाही, कारण नाव दर दोन-चार वर्षांनी बदलतं आणि पोरं तीच राहतात. दगडांच्या रविवारी तो स्वतः होता की नव्हता, हे मी सांगू शकत नाही, मी त्या वेळी टेबलाखाली होतो. मात्र आता त्याने चौकात जाहीर केलं, की लग्नाच्या नावाखाली तिथे धर्मांतर होणार आहे आणि आपण ते थांबवणार.

अमरावतीकरांना हे कळलं तेव्हा सॅमसनच्या आईचा, एस्तेरबाईंचा फोन आला. बाई भल्या, पण घाबरट, म्हणजे माझ्याच गोत्राच्या. त्या म्हणाल्या, "पास्टरजी, माहा एकुलता एक पोरगा हाये. मी त्याले दगड खायले नाही आणून राहिली." लग्न अमरावतीला करा, नाहीतर पुढे ढकला. ढकललेलं लग्न कुठे जातं हे मला चांगलं माहीत होतं, रूथलाही होतं. सॅमसनने आईची समजूत काढली असावी, कारण दोन दिवसांनी त्या म्हणाल्या, येतो, पण लग्न लागताक्षणी गाडीत बसवून पोरांना घेऊन जाऊ.

मग दानियल आला. कपाळावरची खूण चोळत बसला आणि म्हणाला, "पास्टरजी, ते एक वाक्य या टायमाले गाळून टाका न. कोणाले समजते?"

खरं सांगतो, मला तेच हवं होतं. पोलीस ठाण्यात बंदोबस्त मागायला गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी पण समजावणीच्या सुरात हाच सल्ला दिला. "तुम्हीच कशाला विचारता हो, हरकत आहे का म्हणून? आयतं आमंत्रण." सल्ला शहाणपणाचा होता. मी रूथला फोन करून सांगितलं, की ते वाक्य मी मनातल्या मनात वाचीन, देवाला ऐकू जातं.

"देवाले ऐकू जाते," रूथ म्हणाली, "पन वस्तीले नाही जात. मोठ्यानं वाचा. मी काही पळून जाऊन लगन नाही करून राहिली."

लग्नाच्या दिवशी सकाळी अमरावतीची मंडळी आली. एस्तेरबाई छताचं भोक बघून जागच्या जागी बसल्या. दोन शिपाई बंदोबस्ताला होते, त्यातल्या एकाने आल्या आल्या विचारलं, "जेवण मटणाचंच आहे न?" आमची स्वतःची मंडळी मात्र आत नव्हती. ती रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर उभी होती. बाया जरीच्या साड्यांत, गडी इस्त्रीच्या कपड्यांत, सगळे नटूनथटून, हातात चहाचे कप. आत काही होतंय का हे बघून मग यायचं, असा बेत. मला राग आला नाही. मला लाज वाटली, कारण मी पाळक नसतो तर मीही त्यांच्यात उभा राहिलो असतो, बहुधा दुसरा कप घेऊन.

आत होते मोजकेच. पाहुणे, दानियल, सुंदराबाई आणि पेटीवाला. पहिलं गाणं संपत आलं आणि गोलूभाऊ आला. मागे त्याची पोरं, हातात फोन उभे धरलेले. शिपाई म्हणाला, "भाऊ, गोंधळ नाही." गोलूभाऊ म्हणाला, "नाही साहेब, पाहून राहिलो फक्त." आणि सगळे मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले.

मी पुस्तक उघडलं. त्या वाक्याचं पान आलं. अंगठ्याने दोन पानं एकदम उलटली असती तर काम झालं असतं, आणि अंगठा तयारही होता. तेवढ्यात रूथने झिरझिरीत ओढणीखालून वर बघितलं. माझ्या बायकोने आजवर माझ्याकडे जितक्या वेळा असं बघितलं आहे तितक्या वेळा मला तिचं ऐकावं लागलं आहे. मी वाचलं. मोठ्याने वाचलं. माझ्या हेतूपेक्षा जरा जास्तच मोठ्याने.

"हाये!" मागून आवाज आला. "हरकत हाये आपली!"

एस्तेरबाईंनी सॅमसनचा हात पकडला. दानियल अर्धवट उठला. आता माझ्या भित्रेपणाची एक खोड सांगतो. माणसं घाबरली की पळतात, ओरडतात, रडतात. मी घाबरलो की मला फक्त नियम आठवतात. बाकी डोकं पार रिकामं होतं.

"पुढे या," मी म्हटलं.

गोलूभाऊ गडबडला. "काहून?"

"हरकत घेणाऱ्याने पुढे येऊन आपलं नाव सांगायचं असतं."

तो आला. फोनही त्याच्या मागे मागे आले. "लिहा, गोलूभाऊ," तो म्हणाला.

"पूर्ण नाव."

मग हळूच त्याने सांगितलं. त्याचं खरं नाव सदाशिव निघालं. मागची पोरं फिसकन हसली, त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

"हरकत कशाबद्दल आहे?" मी विचारलं. "मुलाचं आधी कुठे लग्न झालंय का?"

"मले काय मालूम? मी त्याले आजच पाहून राहिलो."

"मुलीचं वय भरत नाही का?"

"भरते न, माह्याच वर्गात होती."

"तो मोठा हाये," ओढणीखालून रूथ म्हणाली. "सातवीत नापास झाला म्हणून माह्या वर्गात आला होता."

एक शिपाई मोठ्याने हसला आणि लगेच खोकला. मी तिसरा प्रश्न विचारला, की दोघं जवळच्या नात्यातली आहेत का. त्यावर पाहुण्यांतून एक फेटेवाले गृहस्थ उभे राहिले. ते सॅमसनचे थोरले मामा.

"नात्याचं निघालंच हाये तं माहीबी हरकत हाये," ते म्हणाले. "पत्रिकेत माहं नाव धाकट्याच्या खाली छापलं. हे काय वागणं झालं?"

"मामा, बसा न आता," एस्तेरबाई कळवळून म्हणाल्या.

"बसतो कायले? पास्टरजीनंच विचारलं न, हरकत हाये का म्हणून?"

आणि मग सुंदराबाई, आमची खूण बघणारी म्हातारी, काठी टेकत उठली. "पास्टरजी, आता इचारूनच राहिले तं सांगते. तुमचा उपदेश लय लांबते. इतक्या वर्साची माही हरकत हाये."

मी सगळ्यांना हात जोडले. म्हटलं, एकेक करून, एकेक करून. मामांनी पत्रिका खिशातून काढून पुढच्या ओळीत फिरवायला दिली. पेटीवाल्याने मामांची बाजू घेतली. "अहो!" गोलूभाऊ ओरडला. "माही हरकत पहिले होती!"

"हो," शिपाई म्हणाला, "भाऊचा नंबर पहिले होता."

लोक हसले, पण पुरतं हसू नाही. दारात आणखी पोरं येऊन उभी राहिली होती आणि त्यांच्यातला एक जण रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून होता. त्याने ती उचलली असती तर पुढचं सगळं सोपं होतं, आम्हाला ते पाठ होतं. मी पायरीवरून खाली उतरलो, तेही धीर म्हणून नाही, वर उभं राहवत नव्हतं म्हणून. गोलूभाऊच्या समोर आलो. दोघांची उंची सारखी निघाली.

"सदाशिवराव," मी म्हटलं, "हरकत लग्नाला आहे, की आम्हाला?"

तो फोनकडे बघून म्हणाला, "इथं धर्मांतर चालू हाये."

"आज कोणाचं करतोय? हिचे आजोबा ख्रिस्ती होते, मी त्यांना माती दिली. हिला मी तान्ही असताना बाप्तिस्मा दिला. मुलाकडचेही पिढ्यान्‌पिढ्या तसेच. मग कोणाचं?"

"हे लोक ख्रिश्चन हाये, ते मालूम हाये मले," तो खालच्या आवाजात म्हणाला. "लहानपणापासून मालूम हाये."

"मग लग्नाला हरकत?"

त्याने एकदा दाराकडे बघितलं, एकदा फोनकडे. मला त्याची कीवही आली. आम्ही पळू, ओरडू, हात जोडू, याची सगळी तयारी करून बिचारा आला होता. आपल्याला कोणी बसवून विचारील, तेही नावानिशी, याची तयारी कोणी करून दिली नव्हती.

"लग्नाले हरकत नाही," तो शेवटी म्हणाला.

"मोठ्याने सांगा. सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे, असा नियम आहे."

असा काही नियम नाही. तो मी तिथल्या तिथे केला.

"लग्नाले हरकत नाही!" गोलूभाऊ सगळ्या फोनसमोर ओरडला. मग बोट माझ्या छातीवर रोखून म्हणाला, "पन तुमच्या रविवारले हाये. हे ध्यानात ठेवा. रविवारले हाये."

"रविवारचं रविवारी बघू," मी म्हटलं आणि वर गेलो. उत्तर धीराचं वाटतं खरं, पण ते द्यायला माझं काही जात नव्हतं. माझ्या हिशेबी तिथे पुन्हा रविवार येणारच नव्हता. कुलूप माझ्या झग्याखाली खिशात होतं आणि चालताना मांडीला लागत होतं.

लग्न लागलं. सॅमसनने शपथ इतक्या हळू म्हटली, की मला ती दोनदा म्हणवून घ्यावी लागली. रूथने अशी म्हटली, की टपरीवर ऐकू गेली असावी, कारण शेवटचं गाणं सुरू झालं आणि आमची मंडळी रस्ता ओलांडून यायला लागली. आधी दोघी-तिघी, मग घोळक्याने. आत आल्या आल्या तोंड उघडून गायला लागली, जणू सुरुवातीपासून इथेच होती. खुर्च्या कमी पडल्या. मागे बसायला लागलेली संघटनेची दोन पोरं म्हाताऱ्या बाया बघून आपसूक उठली आणि पुन्हा भिंतीला टेकली. माझ्या धंद्यात खुर्च्या कमी पडणं यासारखं दुसरं सुख नाही. मी उपदेश आटोपता घेतला, आणि सुंदराबाईने मान डोलावली.

गोलूभाऊचं मन पालटलं, असं लिहायला मला आवडलं असतं, दिवाळी अंकाला शोभलंही असतं. तसं काही झालं नाही. तो जेवला नाही. मी दोनदा आग्रह केला तर म्हणाला, "आज शनिवार हाये, मी खात नाही." त्याच्या पोरांना मात्र शनिवार आठवला नाही. जाताना त्याने पुन्हा बोट दाखवलं.

जेवणं उरकली तशी एस्तेरबाईंनी घाई केली. गाडी आधीच तोंड वळवून उभी होती. रूथ बापाच्या गळ्यात पडून रडली, दानियल रडला, मामाही रडले, आणि मी एका बाजूला उभा राहून सगळे निघून जायची वाट बघत होतो. मला ते कुलूप एकट्याने लावायचं होतं. कोणी बघितलं तर मला रडू आवरलं नसतं. गाडी सुरू झाली. मी हात वर करून आशीर्वाद दिला आणि म्हटलं, "सुखाने राहा बेटा. इथली काही काळजी करू नको."

गाडी जरा पुढे जाऊन थांबली. काच खाली झाली. काजळ गालभर पसरलेलं, अशा तोंडाने रूथ बाहेर डोकावली.

"पास्टरजी, रविवारी कितीले हाये?"

मला आधी कळलंच नाही. "कोणता रविवार?"

"काय बाप्पा, उद्याच न. आमी दोघं अमरावतीवरून येऊ, म्हणून टाइम पक्का विचारून राहिली. मायजीबी येतो म्हणते." आतून एस्तेरबाईंचा आवाज आला, की मी असं कुठी म्हनलं. मग त्यांनीच विचारलं, "पन कितीले हाये, पास्टरजी?"

गोलूभाऊची हरकत मी सगळ्यांदेखत ऐकली होती. तिनेही ऐकली होती, अगदी समोर उभं राहून. कुलूप खिशात होतं आणि माझा हात त्याच्यावरच होता.

"दहाला," मी म्हटलं. "जरा लवकर ये. खुर्च्या पुसायला कोणी नसतं."